उतारवयात मायस्थेनिया आणि थायमसची गाठ: रोबोटिक शस्त्रक्रियेच्या आधी, त्या दिवशी आणि नंतर

सकाळी आरामात पेपर वाचणारा माणूस संध्याकाळी एक डोळा हाताने झाकून टीव्ही बघायला लागतो. जेवताना सुरुवातीचे घास नीट उतरतात, शेवटचे दोन-चार मात्र तोंडातच फिरत राहतात. घरचे म्हणतात, वय झालं, मोतीबिंदू असेल. एकाच बाजूची पापणी पडली तर अर्धांगवायूची धास्ती बसते. मेंदूचा स्कॅन होतो, तो नॉर्मल येतो, आणखी दोन महिने जातात. मग कुणी न्यूरॉलॉजिस्ट रक्तात ॲसिटिलकोलीन रिसेप्टरविरुद्धची अँटिबॉडी तपासायला सांगतात. ती पॉझिटिव्ह येते, छातीचा सीटी होतो, आणि छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या अगदी पुढ्यात एक गाठ दिसते.

इथून पुढे काय करायचं, काय विचारायचं आणि काय टाळायचं, ते या लेखात सांगतो. मी भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे माझी नजर सर्जनच्या हातांइतकीच रुग्णाच्या श्वासावर असते. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: मायस्थेनियाच्या वयस्कर रुग्णात रोबोट ही या सगळ्यातली सर्वांत कमी काळजीची गोष्ट आहे. निकाल लागतो तो आधीच्या तीन-चार आठवड्यांत आणि नंतरच्या तीन-चार दिवसांत.

पहिला प्रश्न: ऑपरेशन गाठीसाठी की आजारासाठी?

मायस्थेनिया ग्रेव्हिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती नस आणि स्नायू यांच्या सांध्यावर हल्ला करते. नसेतून निरोप येतो, पण तो घेणारे रिसेप्टर अँटिबॉडींनी निकामी केलेले असतात. म्हणून स्नायू पहिल्यांदा बरा चालतो आणि वापरता वापरता थकतो. या गडबडीचं एक मूळ थायमस ग्रंथीत असतं. थायमस लहानपणी मोठी असते, वयात आल्यावर आक्रसत जाते आणि म्हातारपणी तिच्या जागी बहुतेक चरबीच उरते.

मायस्थेनियाच्या दर शंभर रुग्णांपैकी साधारण १० ते १५ जणांना थायमोमा, म्हणजे थायमसची गाठ, असते. उलट बाजूने पाहिलं तर थायमोमा असलेल्यांपैकी तिघांतल्या एकाला किंवा त्याहून अधिक जणांना मायस्थेनिया असतो. हे नातं जुनं आहे. आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी १९३६ मध्ये मायस्थेनिया असलेल्या एका तरुणीची थायमसची गाठ काढली, तिचा आजार सुधारला आणि १९३९ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. थायमस काढण्याचा विचार तिथून रुजला.

पण गाठ नसताना केवळ आजार सुधारावा म्हणून थायमस काढायची का, याचा भक्कम पुरावा यायला २०१६ साल उजाडलं. त्या आंतरराष्ट्रीय चाचणीत १२६ रुग्ण होते, त्यांचं वय १८ ते ६५ होतं, सगळे अँटिबॉडी पॉझिटिव्ह आणि एकालाही थायमोमा नव्हता. ऑपरेशन झालेल्यांना त्रास कमी राहिला आणि स्टिरॉइडही कमी लागलं. यातला वयाचा आकडा महत्त्वाचा आहे. पासष्टीच्या पुढच्यांना त्या चाचणीत घेतलंच नव्हतं. त्यामुळे सत्तरीतल्या माणसाला गाठ नसताना कुणी थायमस काढायचा सल्ला दिला, तर दुसरं मत जरूर घ्या.

गाठ असेल तर गणित बदलतं. तेव्हा ऑपरेशन गाठीसाठी असतं. थायमोमा सावकाश वाढते, पण ती फुप्फुसाच्या आवरणात, मोठ्या रक्तवाहिन्यांत पसरू शकते, आणि ती पूर्णपणे निघाली की नाही यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. मायस्थेनियात फरक पडला तर आनंदच आहे, पण त्या आशेवर सही करू नका. थायमोमा असलेल्यांत औषधाशिवाय आजार पूर्ण शमण्याचं प्रमाण गाठ नसलेल्यांपेक्षा कमी असतं.

गाठ नक्की कसली आहे, आणि सुई का घालायची नाही

कॉन्ट्रास्ट देऊन काढलेला छातीचा सीटी हा पाया. तो पाहून सर्जन ठरवतो की गाठ स्वतःच्या आवरणात आहे की शेजारच्या शिरेला, हृदयावरच्या पिशवीला किंवा फुप्फुसाला चिकटली आहे. शंका असेल तिथे एमआरआय फार उपयोगी पडतो. पाण्याची गाठ किंवा नुसती वाढलेली थायमस सीटीवर कधीकधी थायमोमासारखी दिसते, आणि एमआरआयमध्ये ती ओळखू येते. एका एमआरआयवर ऑपरेशन टळलेले लोक आहेत.

चित्र थायमोमाचं आहे आणि गाठ निघण्याजोगी आहे, तर आधी बायोप्सी करत नाहीत. नातेवाईक हमखास विचारतात, "आधी तुकडा काढून बघू या ना, कॅन्सर आहे का?" नको. सुईने आवरण फुटलं तर पेशी फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत सांडू शकतात. बायोप्सी लागते ती लिम्फोमासारख्या (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) दुसऱ्या आजाराची शंका असेल तेव्हा, किंवा गाठ इतकी पसरली असेल की आधी केमोथेरपी द्यावी लागणार.

थायमोमाबरोबर दोन रक्तदोष येऊ शकतात. एकात अस्थिमज्जा तांबड्या पेशी बनवणं जवळजवळ थांबवते. दुसऱ्यात रक्तातली इम्युनोग्लोब्युलिन्स, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, घटतात आणि वारंवार जंतुसंसर्ग होतो. म्हणून हिमोग्लोबिन आणि इम्युनोग्लोब्युलिनची पातळी तपासून घ्या, आणि ही दुसरी तपासणी आयव्हीआयजी देण्याच्या आधी करा. आयव्हीआयजी म्हणजे शिरेतून दिलेली इम्युनोग्लोब्युलिनच. ती दिल्यावर काढलेला आकडा काही सांगत नाही. थायरॉइडचीही तपासणी करून घ्यावी, मायस्थेनियाबरोबर तिचे विकार बऱ्याचदा आढळतात.

याच्या उलट बाजूचीही एक चूक होते. कुणाची गाठ योगायोगाने सापडते, मायस्थेनियाचं एकही लक्षण नसतं, आणि अँटिबॉडी न तपासताच ऑपरेशन ठरतं. मग भूल उतरल्यावर स्वतःचा श्वास नीट सुरू होत नाही. थायमोमाची शंका आहे आणि मायस्थेनियाबद्दल विचारणा-तपासणी झाली नाही, असं होता कामा नये.

वय किती, यापेक्षा माणूस किती खंबीर

पंच्याऐंशीचा रोज दोन किलोमीटर चालणारा आणि अडुसष्टचा खुर्चीतून आधाराशिवाय न उठणारा, यांत मी पहिल्याला भूल द्यायला जास्त निश्चिंत असेन. वयाच्या आकड्यावर कुणी नकार दिला तर तो पटण्याजोगा नाही. तितकाच न पटणारा म्हणजे काहीच न तपासता दिलेला होकार. इको, ईसीजी, गरज पडली तर हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला, मूत्रपिंड, साखर, वजनातली घट आणि स्मरणशक्ती, हे सगळं पाहायला हवं. सहा मिनिटांत किती चालता येतं, ही साधी चाचणीही बोलकी असते. फक्त ती औषधाचा अंमल असताना करा, नाहीतर हृदयाची ताकद मोजायच्या ऐवजी मायस्थेनियाच मोजली जाते.

फुप्फुसांची तपासणी मात्र इथे दुप्पट महत्त्वाची. स्पायरोमेट्रीत पूर्ण श्वास घेऊन किती हवा बाहेर टाकता येते तो आकडा, आणि श्वास आत ओढण्याचा जोर, हे दोन्ही लिहून ठेवा. बाहेर टाकलेली हवा वजनाच्या दर किलोमागे २० मिलिलिटरच्या खाली गेली की धोक्याची घंटा. ६० किलोच्या माणसाला ती हद्द १.२ लिटर. नंतर अतिदक्षता विभागात आकडा घसरला की कशाच्या तुलनेत घसरला हे या नोंदीवरूनच कळतं.

आता औषधांची पिशवी. भेटीला येताना यादी आणू नका, सगळी औषधं घेऊन या, डोळ्यांचे थेंबसुद्धा. "औषधं काय चालू आहेत?" असं विचारलं की लोक गोळ्या सांगतात. काचबिंदूसाठी रात्री घालायचा टिमोलॉलचा थेंब कुणाला औषध वाटत नाही. पण टिमोलॉल हा बीटा ब्लॉकर आहे, डोळ्यातून तो रक्तात उतरतो आणि मायस्थेनिया बिघडवू शकतो. रक्तदाबासाठी किंवा ठोक्यांसाठी दिलेल्या मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉलचंही तेच. हे वाचून स्वतःहून काही बंद मात्र करू नका. बीटा ब्लॉकर एकदम सोडला तर हृदयाला झटका बसू शकतो. न्यूरॉलॉजिस्ट, हृदयरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ यांनी मिळून पर्याय ठरवायचा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही तसंच, विशेषतः स्टेंट घातलेला असेल तर.

मायस्थेनिया ताब्यात आणणं: इथे घाई करू नका

गाठ सावकाश वाढणारी आहे, त्यामुळे काही आठवडे थांबणं परवडतं. गिळताना ठसका लागतोय, आवाज नाकातून येतोय, मान धरवत नाही, अशा अवस्थेत ऑपरेशनची तारीख घेणं परवडत नाही. गिळण्याचा आणि श्वासाचा त्रास आटोक्यात आल्याशिवाय टेबलावर घेऊ नये, यावर बहुतेक सगळे एकमत आहेत. रोबोटची वेळ मिळाली, सर्जन नंतर सुट्टीवर जाणार, मुलगा परदेशातून आलाय, ही कारणं मी बऱ्याचदा ऐकतो. त्यांतलं एकही पुरेसं नाही.

हातात असलेली साधनं अशी. पिरिडोस्टिग्मिन हे रोजचं औषध. गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासात अंमल चढतो आणि तीन-चार तासांत उतरायला लागतो. ते लक्षणं झाकतं, आजाराचं मूळ धरत नाही. गोळ्या वाढवत गेलात तर लाळ सुटणं, जुलाब, पोटात मुरडा, स्नायू फडफडणं आणि नाडी मंदावणं सुरू होतं. आणि गंमत म्हणजे अतिडोसानेही अशक्तपणाच येतो! म्हणजे अशक्त वाटतंय म्हणून आणखी एक गोळी, हा हिशेब काही वेळा माणसाला अतिदक्षता विभागात पोचवतो.

स्टिरॉइड खरा परिणाम देतं, पण मोठ्या डोसने सुरू केलं तर पहिल्या एक-दोन आठवड्यांत मायस्थेनिया उलट बिघडू शकतो. वयस्करांत म्हणून छोट्या डोसने सुरू करून वाढवत नेतात. साखर, हाडं, जखम भरणं या तिन्हींवर त्याचा भार पडतो, त्यामुळे ऑपरेशनपर्यंत शक्य तेवढ्या कमी डोसवर आणायचा प्रयत्न असतो. ॲझाथायोप्रिनसारख्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांना परिणाम दाखवायला सहा महिने ते वर्ष किंवा जास्त लागतं. ऑपरेशनच्या तयारीला त्यांचा उपयोग नाही, पुढच्या वर्षांसाठी आहे.

ज्यांचं गिळणं, बोलणं किंवा श्वास अजून डळमळीत आहे त्यांना आयव्हीआयजी देतात किंवा प्लाझ्मा एक्स्चेंज करतात, म्हणजे रक्तातला अँटिबॉडी असलेला द्रव यंत्राने काढून बदलतात. आयव्हीआयजीचा नेहमीचा एकूण डोस किलोमागे २ ग्रॅम. ६० किलोच्या माणसाला १२० ग्रॅम, पाच दिवसांत वाटलं तर रोज २४. एवढं द्रव आणि एवढं प्रथिन वयस्कर हृदयाला आणि मूत्रपिंडाला जड जातं, रक्ताची गुठळी होण्याची शक्यताही वाढते. म्हणून सावकाश द्यावं, पाणी नीट प्यायला लावावं, मूत्रपिंडाचं काम सांगणाऱ्या क्रिएटिनीनवर लक्ष ठेवावं. प्लाझ्मा एक्स्चेंज लवकर गुण देतं. पण त्यासाठी जाड नळी लागते, रक्तदाब खालीवर होतो आणि रक्त गोठवणारे घटकही निघून जातात, म्हणून शेवटची फेरी आणि ऑपरेशन यांत अंतर ठेवतात. हृदय कमकुवत असेल की मूत्रपिंड, शिरा कशा आहेत, यावरून निवड होते. दोन्हींचा परिणाम काही आठवडेच टिकतो. त्या खिडकीतच तारीख बसवायची.

घरी एक वही ठेवा. रोज एकाच वेळी, गोळीच्या आधी आणि तासाभराने, एक खोल श्वास घेऊन सावकाश मोठ्याने आकडे मोजायला लावा. किती आकड्यावर श्वास तुटला ते लिहा. तीस-पस्तीसवरून पंचविसावर आलं तर फोन करा. विसाच्या खाली गेलं तर उद्याची वाट बघू नका. याच वहीत गिळताना ठसका किती वेळा, पापणी कधी पडली, गोळ्या कधी घेतल्या हेही येऊ द्या. अशी वही मला कुठल्याही रिपोर्टपेक्षा जास्त सांगते.

इन्फ्लुएन्झा आणि न्यूमोनियाची लस राहिली असेल तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं जोरात सुरू होण्याआधी घ्यावी. आणि श्वासाच्या व्यायामाचं ते तीन चेंडूंचं यंत्र ऑपरेशननंतर हातात देण्यापेक्षा दोन आठवडे आधीच शिकवा. छातीत नळी असताना नवीन गोष्ट शिकणं कुणालाच जमत नाही.

रोबोट कशासाठी, आणि कधी नाही

गैरसमज आधी काढू. रोबोट स्वतः काही कापत नाही. सर्जन काही फुटांवर कन्सोलशी बसून हातांनी आणि पायांनी तो चालवतो. रुग्णाजवळ दुसरा डॉक्टर उभा असतो. दा विंची ही यंत्रणा २००० साली अमेरिकेत मान्य झाली आणि पुढच्या काही वर्षांत छातीतही वापरली जाऊ लागली.

थायमसची जागा म्हणजे छातीच्या हाडामागची चिंचोळी फट, आणि वर टोकं मानेपर्यंत गेलेली. तिथे मनगटासारखी वळणारी उपकरणं आणि मोठी, खोली दाखवणारी त्रिमितीय प्रतिमा यांचा खरा फायदा होतो. बरगड्यांमधून साधारण ८ मिलिमीटरची तीन-चार छिद्रं पाडतात, बहुधा एका बाजूने. काही सर्जन छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी शिरतात, तिथून दोन्ही बाजू दिसतात. डावी बाजू चांगली की उजवी, यावर सर्जन मंडळी अजून वाद घालतात. त्यात आपण पडू नये. ज्याचा हात ज्या बाजूला बसला आहे ती बाजू त्याच्यासाठी चांगली.

वयस्कर मायस्थेनियाच्या रुग्णाला यातून काय मिळतं? छातीचं हाड उभं चिरावं लागत नाही. स्टिरॉइडवरच्या, मधुमेही, ठिसूळ हाडांच्या माणसात ते हाड भरून यायला दोन-तीन महिने जातात आणि तोवर प्रत्येक खोकल्याला कळ येते. खोकला दाबला गेला की कफ साठतो, कफ साठला की न्यूमोनिया, आणि मायस्थेनिया बिघडवण्यात जंतुसंसर्गासारखं दुसरं कारण नाही. दुखणं कमी म्हणजे खोकला चांगला, एवढं एकच कारण मला रोबोटच्या बाजूने पुरेसं वाटतं.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर दुर्बिणीच्या साध्या शस्त्रक्रियेपेक्षाही रोबोट सरस आहे, हे तितक्या ठामपणे म्हणता येत नाही. उपलब्ध माहिती बहुतेक रुग्णालयांच्या नोंदींतून आलेली आहे. दुर्बिणीने शेकडो थायमस काढलेला सर्जन आणि रोबोट नुकताच शिकलेला सर्जन यांत मी पहिला निवडेन.

गाठ मोठ्या शिरेत किंवा महाधमनीत शिरली असेल तर छाती उघडणंच शहाणपणाचं. आकाराची हद्द सर्जनगणिक बदलते. ५ सेंटिमीटरपर्यंतच्या, आवरणात असलेल्या गाठीला फारसं कुणी नाही म्हणत नाही. त्यापुढे अनुभवाचा प्रश्न येतो, कारण बऱ्याच यंत्रणांत सर्जनला स्पर्श जाणवत नाही आणि गाठ चिमटीत धरून ओढली तर आवरण फाटतं. नियम असा की गाठीला हात लावायचाच नाही, भोवतीची चरबी धरून, थायमससकट सगळं एकसंध सोडवायचं आणि पिशवीत घालून बाहेर काढायचं. नुसती गाठ काढून थायमस मागे ठेवणं मायस्थेनियाच्या रुग्णात चालत नाही.

सर्जनला एक प्रश्न जरूर विचारा: "गाठ फ्रेनिक नसेला चिकटलेली निघाली तर काय करणार?" ही नस श्वासपटल हलवते, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. निरोगी तरुणात एक नस गेली तर निभावतं. मायस्थेनिया असलेल्या वयस्कर माणसात त्या एका नसेपायी व्हेंटिलेटर सुटणं अवघड होऊन बसतं. अशा वेळी नस वाचवून चिकटलेल्या जागी क्लिप लावून ठेवायची आणि नंतर त्या जागेवर रेडिएशन द्यायचं, हा पर्याय असतो. तो निर्णय टेबलावर घाईत घेण्यापेक्षा आधी, रुग्णाच्या समक्ष बोललेला बरा.

ऑपरेशनचा दिवस

रुग्णाला आदल्या रात्री झोपेची गोळी देऊ नये. सकाळची पिरिडोस्टिग्मिन घ्यायची की नाही, यावर भूलतज्ज्ञांच्या पद्धती वेगळ्या आहेत. ज्याला त्या गोळीशिवाय गिळताही येत नाही त्याची मी थांबवत नाही. महिनोन्महिने स्टिरॉइड घेणाऱ्याला त्या दिवशी शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन द्यावं लागतं. शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायला विसरलेलं असतं.

भुलीत खरी मेख आहे ती स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांची. रोक्युरोनियमसारखं औषध मायस्थेनियात थोडंसंही फार होतं, तर सक्सिनिलकोलीनला हे रुग्ण कमी दाद देतात. म्हणून डोस कमी, आणि मनगटाच्या नसेला हलके विद्युत झटके देऊन अंगठा किती हलतो हे यंत्राने मोजत राहायचं. चार झटक्यांतला चौथा प्रतिसाद पहिल्याच्या निदान ९० टक्के परत आल्याशिवाय घशातली श्वासाची नळी काढायची नाही. सुगॅमाडेक्स आल्यापासून आमचं काम बरंच सुसह्य झालं. ते रोक्युरोनियमचा रेणू चक्क स्वतःच्या पोकळीत पकडून ठेवतं. मूत्रपिंड फार खराब असेल तर मात्र विचार करावा लागतो. मायस्थेनियाच्या रुग्णाला भूल देणाऱ्या ठिकाणी हे औषध आणि ते मोजयंत्र आहे का, हे विचारायला संकोच करू नका.

ऑपरेशनच्या वेळी एका फुप्फुसाची हवा बंद करतात आणि जागा मिळावी म्हणून छातीत हलक्या दाबाने कार्बन डायऑक्साइड सोडतात. वयस्कर हृदय त्या दाबाने दबतं, रक्तदाब उतरतो, म्हणून दाब कमीत कमी ठेवायचा. आणखी एक बारीक गोष्ट: रुग्णाची ऑपरेशनची बाजू किंचित वर उचललेली असते आणि त्या बाजूचा हात टेबलाच्या पातळीखाली सोडलेला असतो. आखडलेल्या खांद्याच्या माणसाला हे सोसत नाही. खांदा आखडलेला असेल तर आधी सांगा, नाहीतर गाठीची जखम बरी होते आणि खांदा महिनोन्महिने रडवतो.

गरज पडली तर छाती उघडावी लागेल, याला आधीच संमती देऊन ठेवावी लागते. त्यात सर्जनचं अपयश नाही.

पहिले चार दिवस

बहुतेकांची श्वासाची नळी टेबलावरच निघते, पण पहिली रात्र अतिदक्षता विभागात. ज्यांना आजार सहा-सात वर्षं किंवा जास्त आहे, फुप्फुसाचा जुना विकार आहे, पिरिडोस्टिग्मिनचा डोस फार मोठा आहे, पूर्वी श्वासाचं संकट येऊन गेलंय किंवा गिळण्याचा त्रास होता, त्यांना व्हेंटिलेटर लागण्याची शक्यता जास्त. तसं आधीच सांगितलेलं असलं की घरचे हादरत नाहीत.

बोटाला लावलेल्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा बघून निर्धास्त होऊ नका. मायस्थेनियात स्नायू थकत जातात, कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि ऑक्सिजनचा आकडा मात्र शेवटपर्यंत ९६-९७ दाखवतो. बघायचं ते हे: बोलताना वाक्य तुटतंय का, लाळ तोंडातच साठतेय का, खोकल्यात जोर आहे का, मान उशीवरून उचलता येते का. रात्री जवळ बसणाऱ्याने हे ओळखायला शिकावं आणि दिसलं की परिचारिकेला लगेच बोलवावं. वेळेत लावलेला मुखवट्याचा श्वासयंत्र-आधार पुष्कळदा नळी पुन्हा घालणं टाळतो.

पिरिडोस्टिग्मिन पुन्हा सुरू होताना डोस आधीपेक्षा कमी लागू शकतो. गिळता येत नसेल तर नाकातल्या नळीतून देता येतं. शिरेतून द्यायची वेळ आली तर लक्षात असू द्या की तोंडाने ६० मिलिग्रॅम म्हणजे शिरेतून साधारण २ मिलिग्रॅम. इथे चूक झाली तर महागात पडते.

वयस्करांत छातीच्या ऑपरेशननंतर हृदयाचे ठोके अनियमित होणं नेहमीचं आहे, सहसा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि बरेचदा रात्री. ड्युटीवरच्या डॉक्टरचा हात सवयीने मॅग्नेशियमच्या बाटलीकडे किंवा बीटा ब्लॉकरकडे जातो. मायस्थेनियात दोन्ही घातक ठरू शकतात, शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम तर फारच. ताप आला तर ॲझिथ्रोमायसिन, लेव्होफ्लॉक्सासिन, जेंटामायसिन यांचंही तसंच. म्हणून पलंगाच्या डोक्याशी मोठ्या अक्षरांत पाटी लावा: "मायस्थेनिया आहे. नवीन औषध देण्याआधी न्यूरॉलॉजिस्टला विचारा." कुणाला ती आगाऊपणाची वाटली तर वाटू दे.

बाकी गोष्टी थोडक्यात. चष्मा आणि कानाचं यंत्र लगेच परत द्या, त्यांच्याविना वयस्कर माणूस रात्री भ्रमात जातो. दुखणं दडपून ठेवू नका, पण तीव्र नशेची वेदनाशामकं कमी आणि बरगड्यांच्या नसांना बधिर करणारं इंजेक्शन जास्त, असा तोल ठेवा. दुसऱ्या दिवशी उभं करून चालवा. घास छोटे, बसून, गोळीचा अंमल चढल्यावर. छातीतली नळी बहुधा एक ते तीन दिवसांत निघते.

घरी आल्यावर

पहिला गैरसमज: गाठ गेली म्हणजे गोळ्या गेल्या. तसं नाही. अँटिबॉडी रक्तात फिरत असतात आणि सुधारणा महिन्यांनी, कधी दोन-तीन वर्षांनी दिसते. स्टिरॉइड न्यूरॉलॉजिस्टच कमी करतील, अगदी हळू. ज्यांना आधी मायस्थेनिया नव्हता अशा थोड्या जणांना तो थायमोमा काढल्यानंतरही होतो, तेव्हा नवी पापणी पडली तर हसण्यावारी नेऊ नका.

पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये तीन गोष्टी शोधा: गाठीचा प्रकार, टप्पा आणि कडा मोकळ्या आहेत का. प्रकार ए, एबी, बी१, बी२, बी३ असे लिहितात. साधारणपणे या क्रमाने आक्रमकपणा वाढतो, आणि थायमसचा कार्सिनोमा हा वेगळाच, जास्त गंभीर. आवरणातली गाठ पूर्ण निघाली असेल तर रेडिएशन लागत नाही. कडेला पेशी राहिल्या किंवा गाठ शेजारच्या अवयवात शिरली होती तर त्याची चर्चा होते. ऑपरेशन झेपणारच नाही अशा रुग्णात रेडिएशन हा मुख्य उपचारही असू शकतो. आणि फार अशक्त माणसाची छोटी, न वाढणारी गाठ नुसती लक्ष ठेवून सोडणं हाही एक निर्णय असतो. तो कुणी सुचवला तर त्याला टाळाटाळ समजू नका.

थायमोमा दहा वर्षांनीही परतू शकते. म्हणून पहिली दोन वर्षं दर सहा महिन्यांनी आणि पुढे दहाव्या वर्षापर्यंत दरवर्षी छातीचा सीटी, असा पाठपुरावा प्रचलित आहे. ऐंशी-पंच्याऐंशीच्या माणसाला इतके स्कॅन हवेतच का, हे मात्र डॉक्टरांशी मोकळेपणी बोलावं. परत सापडलेल्या गाठीवर काही करणार नसाल तर ती शोधण्यात अर्थ नाही.

आणि ती पलंगाची पाटी. तिची छोटी नक्कल पाकिटात ठेवायची: आजाराचं नाव, चालू औषधं आणि डोस, टाळायची औषधं, न्यूरॉलॉजिस्टचा फोन. दातांच्या डॉक्टरकडे, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला, औषधाच्या दुकानातसुद्धा ती आधी दाखवायची. काचबिंदूचे थेंब बदलले असतील तर नव्या थेंबाचं नावही त्यावर लिहा.